बेंबीची गोटी

"बाई, पोराची नाळ कापताना कोठे कापनी, हाई तुमले कसं समजस?"

बापूंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तापीकाठच्या त्यांच्या गावात सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून नवी नवी आले होते आणि त्यांच्याच घराच्या ओसरीलगतची खोली मला राहायला मिळाली होती. ट्रंकेचं कुलूपसुद्धा अजून उघडलं नव्हतं. समोर हा धिप्पाड माणूस, पांढऱ्या गलमिशा, डोक्याला फेटा, गावची पाटीलकी घरात; आणि चहापाण्याचं विचारायचं सोडून हे काय विचारणं! मी पारोळ्याकडची, अहिराणी माझीही घरचीच. फटकन म्हटलं, "बापू, ते मन्हं काम शे. तुमले काय करनं?"

त्यांना राग आला नाही. बंडीच्या खिशात दोन बोटं घालून त्यांनी एक काचेची गोटी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "आंगठा फिरावा," म्हणाले. मी फिरवला. सगळीकडून गुळगुळीत, पण एका जागी नखाला काहीतरी खरबरीत लागलं, खरूज सुकल्यावर लागतं तेवढंच.

"ही तिन्ही बेंबी," म्हणजे तिची बेंबी, बापू म्हणाले. "हिलेबी कोनीतरी कापेल शे."

मग उभ्या उभ्याच त्यांनी मला सगळं सांगितलं. जुन्या विलायती गोट्या हातानं करत. रंगीत काचेची लांब कांडी भट्टीत मऊ करायची, कात्रीनं तिचा तुकडा गोल करत करत कापायचा. जिथून कापली तिथे खूण राहते, ती बेंबी. आणि हल्ली बाजारात येतात त्या मशीनच्या गोट्या. त्यांना बेंबी नसते. "त्या वतेल शेत बाई. जल्मेल नई शेत." ओतलेल्या आहेत, जन्मलेल्या नाहीत, असं म्हणून त्यांनी गोटी परत खिशात टाकली आणि बैलांकडे निघून गेले. मी तिथेच उभी. इतकी बाळंतपणं केली, पण आपल्या कामाबद्दल कुणाला इतक्या आदरानं बोलताना मी ऐकलं नव्हतं, खरं सांगते.

हे पन्नास सालानंतरच्या वर्षांतलं. नंदुरबार तेव्हा धुळ्याचाच तालुका होता आणि शहाद्याहून आमच्या गावी यायचं तर पावसाळ्यात बैलगाडीशिवाय दुसरं काही चालायचं नाही. बापूंचा कापूस चांगला, जमीन काळीभोर, विहिरीला पाणी. बायको मी यायच्या आधीच गेलेली. थोरला मुलगा शेती बघायचा आणि बापूंच्या नादाला कपाळावर हात मारून घ्यायचा. गावातले लोक मात्र हसत नसत. तोंडावर तर नाहीच, माघारीही फारसे नाही. त्या माणसाचा दराराच तसा होता.

घरात एक खोली फक्त गोट्यांची. भिंतीला लाकडी खोकी एकावर एक, आणि प्रत्येकात कापूस पसरून त्यावर गोट्या मांडलेल्या. हा कापूस दरवर्षी बदलायचा. पहिल्या वेचणीचा, दहिवर सुकल्यावर वेचलेला, पांढराशुभ्र कापूस आधी गोट्यांच्या खोलीत जायचा आणि मग उरलेला सरकी काढायला जिनात. मुलगा दरवर्षी कुरकुरायचा. बापू म्हणायचे, "मानूस गादीवर झोपस ना? मंग?"

पोळ्याला सकाळी बैल तापीत धुवायचे आणि दुपारी अंगणात पाट मांडून गोट्या. रिठ्याच्या कोमट पाण्यात. राख नाही, लिंबू नाही, चिंच तर नाहीच नाही. धुऊन झाली की गोटी खालच्या ओठाला लावायची. काच असेल तर एकदम गार लागते, अकीक असेल तर वेगळी गार. मला तो फरक कधी कळला नाही. मी आपली "हो हो" म्हणायची. मग उन्हात धरून हळूहळू फिरवायची. आतल्या पांढऱ्या धाग्यांची जाळी, बाहेरून तांबड्या-निळ्या पट्ट्या, आणि कुठेतरी मोहरीपेक्षा बारीक असा हवेचा बुडबुडा. त्या बुडबुड्यापाशी बापू थांबायचे.

"बाई, हाई हवा कव्हयनी शे, सांगा."

"काय माहीत बापू."

"हाई ज्या दिनले कापी ना, त्या दिनानी. तो कापनारा मरी गया, तेन्ही भट्टी मोडी गई, पन त्या दिनानी हवा आठे शे." अगं बाई, माझ्या अंगावर काटा यायचा. चार बोटांत धरलेली ती एवढीशी वस्तू, आणि तिच्यात कुठल्या परमुलखातला कुठला दिवस कोंडलेला!

हे सगळं त्यांना शिकवलं कुणी? थोडं नंदुरबारच्या एका म्हाताऱ्या पारशानं, ज्याच्या घरी पिढ्यान् पिढ्यांची विलायती खेळणी होती. थोडं एका मिशनरी मडमेनं, जिनं आपल्या मुलखात घरोघर चुलीशेजारी बसून गोट्या करणारी माणसं लहानपणी पाहिली होती. बाकीचं त्यांनी स्वतः बघून बघून जमवलं. शहाद्याच्या सोडावाल्याला सांगून ठेवलं होतं, बाटली फुटली की आतली गोटी ठेवायची. त्या हिरवट गोट्यांना ते 'नोकर' म्हणायचे. त्यांचं खोकं वेगळं, खाली जमिनीवर, पण कापूस तोच. "चाकरी करेल शे तिन्ही," म्हणायचे.

आणि एक नियम. गोटी विकत घ्यायची नाही. जिंकायची, नाहीतर बदलून घ्यायची. आणि जी जिंकली ती परत द्यायची नाही. मागणाऱ्यानं पुन्हा खेळून जिंकून न्यायची. हा नियम काही बापूंचा नव्हे, आमच्या सगळ्या खानदेशात पोरं असंच खेळायची. याला पक्कं खेळणं म्हणायचे. पण पोरं मोठी झाली की नियम विसरतात. बापू विसरले नव्हते.

त्यांचा नेम! काय सांगू! धोतराचा काचा मारून उकिडवे बसले की तो गलमिशांचा पाटील कुठेतरी जायचा आणि तिथे दुसराच कोणीतरी बसलेला असायचा. डाव्या हाताचं मधलं बोट मागे ओढून असं सोडायचे की गोटीला गोटी लागल्याचा आवाज आधी यायचा आणि ती निघालेली मागून दिसायची. एकदा दवाखान्यासमोर तलाठी भाऊसाहेबांबरोबर डाव चालला होता. भाऊसाहेबांची गोटी रस्त्यापलीकडे, आणि मधून बैलजोडी चाललेली. मी म्हटलं, थांबा, बैल जाऊ द्या. बापूंनी बैलांच्या चालत्या पायांतून मारली. टिच्! भाऊसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. बैलांनाही काही कळलं नाही, पुढे निघून गेले.

"आधी बेंबी, मंग बाकी." हे त्यांचं पालुपद. बैल बघायला गेले तरी तेच, मुलगी बघायला गेले तरी तेच. म्हणजे वरचा तुकतुकीतपणा राहू द्या, कुठून आलं ते दाखवा. एका सोयऱ्यानं नवरदेवाची घड्याळ-कोटातली तसबीर पुढे केली तेव्हा बापूंनी ती उलटी करून मागची बाजू बघितली होती, असं लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे.

गोटी मिळावी म्हणून ते काय काय करायचे, पण एक वेळ अशी आली की त्यांनी हात मागे घेतला. शहाद्याच्या बाजारात सातपुड्यातून उतरलेल्या एका पावरा बाईच्या कडेवर पोर होतं आणि पोराच्या गळ्यात चांदीच्या तारेत गुंफलेली गोटी. बापूंनी मला दंडाला धरून थांबवलं. तोवर त्या माणसानं मला बोटही लावलं नव्हतं. "बाई, तिले इचारा." मला पावरी यायची नाही, पण दवाखान्यामुळे चार शब्द कळायचे. ते भर रस्त्यात उकिडवे बसले आणि पोराच्या गळ्याकडे बघत राहिले. दाणे देतो म्हणाले, गोऱ्हा देतो म्हणाले. बाई मान हलवत होती. दृष्ट लागू नये म्हणून तिच्या आजीपासून चालत आलेली ती गोटी होती. शेवटी ती पोराला पोटाशी घट्ट धरून चालू लागली. मला वाटलं, आता हे पायथ्यापर्यंत मागे जाणार. पण बापू उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ती गोटी कामवर शे." पुढे दरसाल होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला ते फक्त ती गोटी बघायला जायचे. बाईही त्यांना ओळखू लागली होती. पोराला पुढे करायची, बापू बघायचे, पोराच्या हातात गूळ ठेवायचे आणि परत यायचे.

बंडीच्या खिशातली ती एक गोटी मात्र कधी खोक्यात गेली नाही. झोपतानाही उशाखाली. तिचं काय ते मला एका पोळ्याला कळलं. गोट्या धुऊन झाल्या होत्या, मी पुसत होते. खिशातली काढून त्यांनी सगळ्यांत शेवटी धुतली आणि आपण होऊनच बोलू लागले.

बापूंचे वडील कापूस घेऊन सुरतेला जात. एकदा त्यांनी दोन पोरांसाठी दोन गोट्या आणल्या. एकाच कांडीच्या, जुळ्या. आतल्या जाळीत एक धागा तुटलेला, तो दोघींतही त्याच जागी. निळी पट्टी पुढे जाऊन फाटलेली, तीही दोघींत. एक बापूंना, एक धाकट्या भावाला. धाकट्याच्या गोटीची बेंबी जरा मोठी, खरबरीत. तेव्हा कुणाला बेंबी माहीत होती? बापू त्याला चिडवायचे, तुझ्या गोटीला खोट आहे, बाजारातून वडिलांनी तुला खोटाळलेली आणली. पोर रडकुंडीला यायचं. मग एक दिवस बापूंनी ती खोटाळलेली गोटी त्याच्याकडून पक्क्या डावात जिंकली.

"रडना, पाय धरात. माय म्हनी, देई टाक. मी म्हनं, जिंकेल शे, देवानी नई. खेयीसन ले." बापू हातातल्या गोटीकडे बघत सांगत होते. "सकाय उठनू ते उशीखालथून गोटी गायब. आन तो बी."

नंदुरबारला गाडी पकडून तो सुरतेकडे गेला एवढंच कळलं. वडील दोनदा शोधून आले. आई त्या दुःखातच गेली. मग बापू गोट्या बघू लागले. बाजारात, जत्रेत, गाडीत. त्यांच्या गोटीची जुळी कधीतरी कुठेतरी निघेल, ज्याच्याकडे निघेल त्याला विचारू, कुठून आली, आणि असं मागे मागे जात भावापर्यंत पोचू. बाकीच्या सगळ्या गोट्या त्या शोधात हाताला लागलेल्या. एवढी मोठी खोली भरली, आणि ज्या एकीसाठी भरली ती काही आली नाही. मला तोंड दुसरीकडे करावं लागलं. नर्स असले तरी माणूस आहे मी.

गावोगाव ही गोष्ट माहीत होती, म्हणून तर पंचाईत. एकदा धुळ्याकडचा एकजण आलाच, मी तुमचा धाकटा भाऊ म्हणून. बरोबर गोटी. बापूंनी अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "जेवीसन जाय भाऊ." गोटी मशीनची होती, बेंबी नव्हती. तो जेवला आणि गेला. थोरल्या मुलानं मात्र त्या दिवसापासून धसका घेतला. कोणी लबाड येऊन अर्धी जमीन मागेल आणि म्हातारा एका गोटीवर देऊन बसेल, ही भीती त्याला झोपू देत नसे. त्यालाही दोष नाही. घाम त्यानं गाळला होता.

साठ सालानंतर, ज्या वर्षी गावात वीज आली त्याच्या आसपास, दुपारच्या वेळी एक म्हातारा आमच्या दारात येऊन उभा राहिला. विसरवाडीपर्यंत ट्रकनं, तिथून एस.टी.नं, शहाद्याहून चालत. वाळलेला, खाकी सदरा, पायात टायरच्या चपला. बोलणं अर्धं गुजराती झालेलं. ओसरीवर माणसं होती, तलाठी भाऊसाहेबही होते. तो कुणाच्या पाया पडला नाही, रडला नाही. "पाटील शेत का?" एवढंच विचारलं. बापू पुढे झाले तशी त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"हाई देवाले उनू," ही द्यायला आलोय, असं तो म्हणाला. "मी धाकला."

बापूंनी गोटी घेतली. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा मी पाहत होते. तो हळूहळू उतरला. मग त्यांनी मला हाक मारली. "बाई, मन्हा आंगठा म्हातारा व्हयना. तुमी देखा." सगळ्या गावासमोर त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी नखानं, बोटाच्या पेरानं, सगळीकडून पाहिली. लोण्यासारखी गुळगुळीत. काय करू, जे होतं ते सांगितलं. "बापू, बेंबी नई शे."

"झायं मंग!" थोरला मुलगा उठलाच. "चाल बाबा, निंघ आठून. जमीन पाहिजे व्हई तुले!"

तो म्हातारा गोंधळून सगळ्यांकडे बघत होता. "जमीन? मी गोटी देवाले उनू." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, बेंबी म्हंजे काय?"

मी सांगितलं, तो खरबरीत डाग, जिथून कापतात तो.

"ती खोट? ती मी घसी लिधी." त्यानं हे इतक्या भाबडेपणानं सांगितलं की मला आजही तो आवाज ऐकू येतो. "सुरतले हिरास्ना कारखानामा मन्हा दोस्त शे, तेन्हाकडथून घसी लिधी. ह्यो म्हने ना, तुन्ही गोटीले खोट शे. मी म्हनं, देवानीच शे ते बिनखोटनी देऊत."

बापूंनी आयुष्यभर जी खूण शोधली ती भावानं त्यांच्यासाठीच पुसून आणली होती, आणि पुसायला शिकवलं होतं बापूंनीच.

त्यांनी खिशातली आपली गोटी काढली. अंगणात ऊन होतं. तिथे जाऊन दोन बोटांत एक, दोन बोटांत दुसरी अशा दोन्ही त्यांनी डोळ्यांसमोर धरल्या आणि फिरवू लागले. मी मागोमाग जाऊन शेजारी वाकले, म्हणून मलाही दिसलं. पांढऱ्या जाळीतला तुटलेला धागा या गोटीत होता आणि त्याच जागी त्याही गोटीत होता. निळी पट्टी पुढे जाऊन फाटलेली, इथेही, तिथेही. हिऱ्याच्या कारखान्यानं वरचं सगळं घासून नेलं होतं, पण आत कुणाची सहाण पोचणार! मी कितीतरी जुळी पोरं हातात घेतली आहेत. अशी जुळी नाही पाहिली.

"एकच कांडीन्या," बापू म्हणाले. एवढंच. मग त्यांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथून काढेचनात.

आया-बाया डोळे पुसत होत्या. भाऊसाहेबांनी पुन्हा टोपी काढली. थोरला मुलगा खांबाला टेकून उभा होता. धाकट्यानं नाक पुसलं, ती गोटी बापूंच्या मुठीत सारली आणि म्हणाला, "ले. तू जिंकेल व्हती. मी चोरी लई गऊ. आते मी जास." इतकी वर्षं तो आला नव्हता तो या चोरीच्या लाजेनं. परत करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचं, असं ठरवून आला होता. सुरतेत त्याचं कोणी नव्हतं, पण इथेही आपलं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं.

बापूंनी मूठ उघडून गोटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता परत देतील. पण नियम म्हणजे नियम! जिंकलेली परत देता येत नाही. ते उठले, धोतराचा काचा मारला, आणि अंगणाच्या मधोमध टाच रोवून गरकन फिरवून खळगा केला. गल तयार.

"मन्ही शे ना? मंग जिंकीसन ले," ते म्हणाले. "चाल, खेयूत."

ती गोटी गलाशेजारी डावाला लावली, मारायला खोक्यातल्या दोन 'नोकर' घेतल्या आणि दोन म्हातारे उकिडवे बसले. गुडघे कडाकडा वाजले. धाकट्याचा नेम गेलेलाच होता, त्याची गोटी तुळशीवृंदावनाकडे भरकटली. आता बापूंची पाळी. डावातली गोटी हातभर अंतरावर, डोळे मिटून मारली असती. बापूंनी बोट ओढलं, सोडलं, आणि त्यांची गोटी शेजारून निघून गेली.

"तू मुद्दाम चुकना!" धाकटा ताडकन उभा राहिला. म्हातारा कुठला, पोरच ते! ओठ थरथरतोय, डोळ्यांत पाणी. "मन्ही कीव करस? मी नई खेयस. मी जास."

"बठ!" बापूंनी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. "बठ, बठ. आते खरं खेयस."

आणि खरंच खेळले. चालत्या बैलांच्या पायांतून मारणारा तो हात. टिच्! धाकटा हरला. बापूंनी गोटी उचलून खिशात टाकली, जणू मधली सगळी वर्षं कुणी फुंकर घालून उडवली होती.

"हारना तू," ते म्हणाले. "आते जिंकस तोपावत जावानं नई. सकाय खेयूत."

सकाय म्हणजे उद्या. तो राहिला. दुसऱ्या दिवशी हरला, तिसऱ्या दिवशी हरला. दिवेलागणीच्या आधी अंगणात तो डाव ठरलेला. दवाखाना बंद करून मीही कट्ट्यावर येऊन बसायची. बापूंनी त्याला एकदाही जिंकू दिलं नाही. माझ्या लक्षात यायला थोडा वेळच लागला की हा माणूस आता आयुष्यात कधी चुकणार नाही, कारण चुकला तर भाऊ जायला मोकळा! पुढे तलाठ्याकडे जाऊन नदीकडचं रान धाकट्याच्या नावावर केलं. थोरल्या मुलानं आठवडाभर तोंड वाकडं केलं, पण काकानं केळी लावली आणि पहिला घड पुतण्याच्या दारात आणून ठेवला, तेव्हा तोही निवला. आणि धाकटा जमिनीचा मालक झाल्यावरही रोज संध्याकाळी गोटी जिंकायला यायचा आणि हरून जायचा.

माझी नवापूरला बदली झाली. तरी पोळ्याला मी यायचीच, गोट्या पुसायला. शेवटची गेले तेव्हा बापूंना मोतीबिंदू झालेला, हाताला कंप. नंदुरबारला नेऊन काढू म्हटलं तर ऐकेनात. गोट्या आता अंगठ्यानंच ओळखत होते, आणि अजून एकीचंही चुकत नव्हतं. "ही पारशीनी. ही सोडावालानी, नोकर. ही बऱ्हाणपूरनी जत्रामा जिंकेल." मी पुसून पुसून हातात देत होते आणि ऐकत होते. डोळे गेले तरी त्या बोटांतून काही गेलं नव्हतं.

संध्याकाळी डाव मांडला. बापूंना गल दिसत नव्हता. टाचेनं चाचपून बसले. मारलेली गोटी कुठे गेली तेही त्यांना कळलं नाही. ती कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेली होती. आता धाकट्याची पाळी. त्याच्या समोर, वीतभर अंतरावर, बापूंनी डावाला लावलेली ती बिनबेंबीची गोटी. लहान पोरानं बोटानं ढकलली तरी लागली असती. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं, बोट मागे ओढलं आणि गोटी चक्क दुसरीकडे सोडली.

आवाज झाला नाही. बापूंनी कान टवकारले.

"मुद्दाम चुकना तू," बापू म्हणाले.

"नई भाऊ. खरंच चुकनू."

बापूंनी हात पुढे करून जमीन चाचपली. धाकट्यानं ती गोटी हळूच त्यांच्या बोटांखाली सरकवली. त्यांनी ती उचलली, जिथे पूर्वी बेंबी होती त्या जागेवर अंगठा फिरवला, आणि खिशात टाकली.

"मंग सकाय खेयूत," ते म्हणाले.